कॉलेजच्या दाराशी जाण्यापूर्वी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी सत्काराची व गौरवाची भाषणे व्हावयाचीच. तरीही विश्वस्तांनी आजची सकाळ कॉलेज-प्रवेशासारख्या रूक्ष विषयासाठी राखून ठेवली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपल्या भागात हुशार मुलांची वाण नाही; वाण आहे ती वेळेवर मिळणाऱ्या माहितीची. माझे सांगणे एवढेच आहे, की आपल्याकडील कित्येक मुलांची जागा परीक्षेत जात नाही. ती दाखल्यांपायी जाते. हे नुकसान टाळणे मात्र बव्हंशी आपल्याच हाती आहे.

पूर्वी मॅट्रिकचा निकाल हाती घेऊन वडिलांनी मुलाला कॉलेजात न्यावे, फी भरावी आणि नाव घालावे, एवढ्यावर काम भागे. लिंगराज कॉलेज १९३३ साली निघाले. पुढे १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ आपल्या गावी आले. कॉलेजे जवळ आली खरी, परंतु आत शिरण्याची रीत पूर्वीइतकी सोपी राहिली नाही.

सीमाभागातील मुलापुढे दोन दारे असतात. पहिले कर्नाटकाचे. येथील सी.ई.टी.च्या आधारे इंजिनिअरिंगचा क्रमांक लावताना निम्मे वजन सी.ई.टी.च्या गुणांना आणि निम्मे बारावीच्या गणित, भौतिक व रसायन या विषयांना असते. तेव्हा ‘सी.ई.टी. आहे, बारावीचे काय एवढे’ असे म्हणणारा मुलगा आपलेच अर्धे बळ घालवतो. सर्वसाधारण पात्रतेसाठी पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे लागते, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा येथून उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे दहावीनंतर कोल्हापूर-सांगलीला गेलेल्या मुलाला हे दार आपोआप बंद होत नाही. मात्र मागच्या सात वर्षांचा शाळेचा दाखला त्याच्याजवळ हवा. पहिली ते दहावी खेड्यातील शाळांत शिकलेल्यांसाठी ग्रामीण सवलतही आहे. तिच्या दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. ती अर्जाच्या शेवटच्या दिवशी मिळत नसते!

दुसरे दार महाराष्ट्राचे. तेथील इंजिनिअरिंगच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषिक उमेदवारांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला आहे, त्या भागातील मुलांसाठी ही तरतूद. तिला दोन दाखले लागतात: उमेदवार सीमाभागातील असल्याचा, आणि त्याची मातृभाषा मराठी असल्याचा. नमुने त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, आणि दाखला त्याच नमुन्यात हवा. महाराष्ट्राच्या सी.ई.टी.त सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा व ऐंशी टक्के बारावीचा असतो, आणि तोही तेथील बोर्डाच्या अभ्यासक्रमावर. पी.यू.सी.च्या मुलाने तेथील पाठ्यपुस्तके आधीच चाळलेली बरी. दोन्ही परीक्षा साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत येतात, पण अर्ज कित्येक आठवडे आधी सुटतात. दोन्हीकडे अर्ज करावा. एक दार लागले तर दुसरे उघडे राहते.

वैद्यकीय शिक्षणासाठी ‘नीट’ आणि देशपातळीवरील तंत्रशिक्षण संस्थांसाठी ‘जे.ई.ई. मेन’ या परीक्षा आहेत. या दोन्हींची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. परंतु भाषेचा निर्णय विचाराने घ्यावा. मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल पी.यू.सी.त येते, तेव्हा कालचा ‘प्रवेग’ एका रात्रीत ‘ॲक्सिलरेशन’ होतो. पहिले चार महिने ते गप्प बसते, आणि घरचे म्हणतात, ‘याचे लक्षच नाही.’ लक्ष असते, शब्द नसतात. दहावीनंतरच्या सुट्टीत शास्त्राच्या दोन-तीनशे संज्ञा दोन्ही भाषांत लिहून काढल्या, तर हा पूल बराचसा बांधला जातो.

आता कागदपत्रांकडे वळू. शाळेच्या दाखल्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरे. आधारपत्रावर स्पेलिंग तिसरेच. असे तीन कागद समोर आले, की एक मूल तीन होते. गावाचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत बदलले, याची चिंता नको. स्वतःच्या नावाची मात्र जरूर करावी. दहावीच्या परीक्षेसाठी शाळा नावे पाठवते, तेव्हाच ती तपासून घ्यावीत, कारण छापलेली गुणपत्रिका दुरुस्त करण्यात महिने जातात. जात-उत्पन्नाचा दाखलाही त्याच वर्षी काढून ठेवावा. आणखी एक गोष्ट: अर्जात मोबाईल क्रमांक घरचाच द्यावा. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा क्रमांक दिला, तर जागा मिळाल्याचा निरोप त्याच्या खिशात राहतो आणि मुदत टळून जाते.

पसंतीक्रम भरताना पालक हमखास घोटाळतात. ‘हे कॉलेज मिळणार नाही’ म्हणून ते खाली ढकलतात. यंत्र वरून खाली पाहत जाते. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालची जात नाही. म्हणून मनापासून हवे ते वर, मिळण्याजोगे मध्ये, नक्कीचे खाली. मिळाले तरी जे घ्यावयाचे नाही, ते लिहूच नये. महाराष्ट्राच्या पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, की ती पक्की धरली जाते. कर्नाटकात जागा स्वीकारणे, स्वीकारून पुढच्या फेरीत राहणे, नाकारून पुढे जाणे, किंवा बाहेर पडणे असे चार पर्याय असतात. तिसरा पर्याय हातची जागा सोडायला लावतो, हे समजूनच निवडावा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाचा गेल्या सालचा अनुभव ऐकावा, पण पुस्तिका चालू सालची वाचावी.

पैशाअभावी मागे राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पी.एम. विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतील संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळू शकते. आपले कॉलेज यादीत आहे की नाही, हे पसंतीक्रम भरण्यापूर्वीच पाहावे.

एक बोलणे कटू वाटेल, पण बोलतो. मुलगा असला की पुण्याचा विचार होतो. तेवढेच गुण मिळवलेल्या मुलीला ‘घराजवळचे’ पाहिले जाते. तिचा पसंतीक्रम तिच्यासमोर बसून, तिला विचारून भरा. मार्गदर्शन म्हणजे वाट दाखवणे. पाय तिचेच असतात.

विश्वस्तांना एक विनंती. दरवर्षी डिसेंबरपासून जुलैपर्यंत, रविवारी सकाळी, या सभागृहात एक टेबल, एक संगणक आणि नुकतेच पदवीधर झालेले दोन स्वयंसेवक बसवावेत. नववीच्या मुलांचे दाखले तेथे तपासले जावेत. बारावीच्या मुलांचे अर्ज तेथे भरले जावेत. खर्च फारसा नाही. शिष्यवृत्तीने एका मुलाची फी भरली जाते. या टेबलापाशी पन्नास मुलांच्या जागा वाचतील.