विचारायचं राहून गेलं

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, उद्घाटक आणि गावोगावाहून आलेल्या रसिकहो, तुळजाभवानीच्या आणि गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत.

जानेवारी 2020 मध्ये त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरलं. उद्घाटक होते ना. धों. महानोर, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. येऊ नये म्हणून दडपण आलं, तरी महानोर आले. फादर तर पाठीचं दुखणं सोसत आले. आपण शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. 3 ऑगस्ट 2023 रोजी महानोर गेले आणि 25 जुलै 2024 रोजी फादर.

मला आजही सलतं ते हे. आपला जिल्हा पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा. आणि त्या मंडपात पाण्यासाठी झगडलेली दोन माणसं आपल्या समोर बसली होती! पळसखेड्याच्या रानात राबणारे महानोर विधान परिषदेतही शेतीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. फादरांनी हरित वसईच्या चळवळीत तिथल्या वाड्या आणि विहिरींसाठी लढा दिला. रानात पाणी थांबवलं कसं, गावाला राजी कसं केलं, माघार घ्यावीशी कधी वाटली का? ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या माणसाला तुकोबा इतके जवळचे का वाटले? विचारायचं राहून गेलं. त्यांची पुस्तकं आहेत, ती आपण वाचूच. पण त्यांना जे लिहावंसं वाटलं तेवढंच पुस्तकात असतं. आपल्या शिवारातला प्रश्न त्यांच्यापुढे आपणच ठेवायला हवा होता.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीत सापडलेल्या जुन्या वस्तू जिवापाड जपल्या, म्हणून आज त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. बोलत्या माणसांसाठी एवढी आस्था आपण का दाखवू नये?

म्हणून या वेळी सत्कार थोडक्यात आटोपणार आहोत. दुपारच्या जेवणानंतर सगळे पाहुणे याच मंडपात सतरंजीवर बसतील. भाषणं नाहीत, ध्वनिक्षेपक प्रेक्षकांच्या हाती. जिल्ह्यातल्या जुन्या कीर्तनकारांना, शिक्षकांना आणि जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आजीबाईंनाही आग्रहाने बोलावलं आहे. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करण्याची जबाबदारी घेतली आहे. कुणीही उठावं, मोकळेपणाने विचारावं. वेळेची मर्यादा ठेवलेली नाही. संध्याकाळचं कविसंमेलन त्यासाठी उशिरा सुरू करू.