ब्युरोचं काम घेण्याआधी

दापोडे म्हटलं की गोदामं आणि ट्रकांच्या रांगा आठवतात. पण भिवंडी-ठाण्याकडे रुग्णसेवेच्या ड्युटीला जाणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरही या पट्ट्यातून निघतात. नर्सिंग ब्युरोकडून तात्पुरतं काम घ्यायचा विचार असेल, तर हे ऐका.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे ना, हे आधी पाहा. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, छायाप्रत द्या आणि परत घ्या.

पगाराचा आकडा तोंडी ठरवू नका. ड्युटी आठ तासांची की बारा, ब्युरोचं कमिशन किती, पैसे कोणत्या तारखेला, सारं लेखी हवं. भविष्यनिर्वाह निधीसाठी पगारातून 12 टक्के कापले जात असतील, तर स्वतःच्या यूएएन क्रमांकावर ते जमा होतात का, हे मोबाईलवर दरमहा तपासा. कापलेले पैसे भरलेच गेले नाहीत, हे वर्षभराने कळणं फार जिव्हारी लागतं. आणि कंत्राटी कामात ठेकेदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्या संस्थेत काम केलं तिच्यावर, येते. हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे.

हेपेटायटिस बी लशीचे तिन्ही डोस घेतलेत? सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा, नोंद करून घ्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. जितकं लवकर तितकं चांगलं.

रात्रपाळी संपल्यावर अंजूरफाट्याहून घरी कसं पोहोचणार, हेही होकार देण्याआधीच विचारा.