शेगडीला रंग देताना

गॅस घरोघर आला तरी पत्र्याची शेगडी अजून घराबाहेर गेलेली नाही. कुठे माळ्यावर, कुठे मोरीच्या कोपऱ्यात ती असतेच. पापड किंवा कणसं भाजायला, नाहीतर बाळंतिणीच्या शेकाला ती खाली येते, आणि येते ती गंज घेऊनच.

१९९१च्या श्रावणात ताई बाळंतपणाला रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी आली होती. आईने मला शेगडी साफ करायला सांगितलं. मी पॉलिश पेपर चारदा फिरवला आणि खिडकीच्या गजांना लावून उरलेला चंदेरी ऑइलपेंट वरून चोपडला. शेगडी अगदी नवी दिसू लागली. आईने निखारे भरून ती बाळंतिणीच्या खाटेखाली सरकवली, वर ओव्याची चिमूट टाकली. दोन मिनिटांत खोली उग्र धुराने भरली. रंगाला फोड येऊन तो जळत होता. बाळ खोकत रडायला लागलं. आईने फडक्याने धरून शेगडी पडवीत नेली. मला ती काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

हे काम नीट शिकलो ते पुढे, एका लोहाराशेजारी बसून. तो सांगायचा, शेगडी आतून गंजते. राखेतले क्षार पावसाळी हवेतली ओल ओढून घेतात, आणि ती ओली राख महिनोन् महिने पत्र्याला चिकटून राहते. तेव्हा पहिलं काम राख आणि सुटलेली माती काढण्याचं. मग बुडाला आणि जाळीच्या आधारापाशी टोकदार खिळ्याने टोचून पाहा. खिळा आत गेला तर रंगाचा डबा आणू नका. तिथे पत्र्याचं ठिगळ लागेल, नाहीतर भरलेल्या निखाऱ्यांसकट बूड कधी निसटेल सांगता येत नाही.

पत्रा शाबूत असेल तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन, सुटणारा सगळा गंज जाईपर्यंत घासा. चिंच मात्र तांब्यापितळेसाठी ठेवा. लोखंडावर तिचा आंबटपणा राहिला तर गंज पुन्हा धरतो. शेगडीवर जुना रंग असेल तर कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. म्हणून तोंडाला मास्क लावून, पाण्याने भिजवून घासा, मुलांना लांब ठेवा आणि निघालेला गाळ अंगणात सांडू नका. घासलेला पत्रा लगेच पुसून उन्हात वाळवा. ओला राहिला तर रात्रीतून पुन्हा तांबूस होतो.

आता माझी चूक. साध्या ऑइलपेंटला पत्र्यावर धरून ठेवणारी राळच निखाऱ्यांच्या आचेने जळते. उष्णतारोधक रंगात सिलिकॉनची राळ असते, ती टिकते. तो किती अंशांपर्यंत टिकेल हे डब्यावर छापलेलं असतं: २००, ४००, ६००. शेगडीला ६००चा घ्या. दुकानदार खाली साधा रेड ऑक्साइड लावा म्हणेल, तो लावू नका. तो जळाला की वरचा रंगही घेऊन सुटतो. रंग फक्त बाहेरून, पातळ दोन हात. आत आणि जाळीला कुठलाच रंग टिकत नाही.

दोन दिवस वाळल्यावर पहिला विस्तव अंगणात करा. आधी मूठभर कोळसे, मग शेगडी निवू द्या, मग थोडे जास्त. पहिल्या एकदोन वेळा धूर आणि वास येणारच, कारण हा रंग आचेनेच पक्का होतो. वास पूर्ण थांबल्याशिवाय शेगडी घरात नेऊ नका. त्यानंतरही बंद खोलीत नकोच. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. लहान बाळाला तर धुरी देऊच नका असं डॉक्टर सांगतात.

आईने त्या वेळी माझा रंग खरवडून काढला आणि शेगडी तशीच काळी वापरली, तीही पडवीत. काम संपलं की राख झाडायची, आतून खोबरेलाचा हात फिरवायची आणि शेगडी उपडी घालून ठेवायची. वर प्लॅस्टिक कधी घालू द्यायची नाही, आत ओल धरते म्हणून.