स्ट्रोक वाढतो, वजन विसरते

शेव्हरोले कंपनीच्या 1955 पासून चालत आलेल्या लहान ब्लॉकच्या व्ही-8 इंजिनांपैकी 350 आणि 400 ही दोन इंजिने इतकी सारखी आहेत, की 1970 साली आलेल्या 400 चा क्रँकशाफ्ट 350 च्या ब्लॉकमध्ये बसवून 383 घनइंचांचे इंजिन उभारणे ही अमेरिकेतील वर्कशॉपांची जुनी रीत झाली. 350 चा स्ट्रोक 3.48 इंच आणि 400 चा 3.75 इंच आहे. शिवाय ब्लॉकचा चार इंचांचा बोअर 0.03 इंचाने वाढवला जातो. 400 च्या ब्लॉकमध्ये शेजारचे सिलिंडर एकमेकांना जोडून ओतलेले असल्याने त्यांच्यामधून पाणी फिरत नाही, म्हणून अनेकांना त्याचा शाफ्ट हवा असतो, ब्लॉक नको असतो.

400 च्या शाफ्टचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकच्या बेअरिंगांत फिरणारे भाग, 2.65 इंच व्यासाचे असल्यामुळे ते ग्राइंड करून 2.45 इंचांवर आणावे लागतात, आणि हे कोणीही विसरत नाही, कारण त्याशिवाय शाफ्ट बसतच नाही. विसरले जाते ते वजन, कारण ते विसरूनही इंजिन जोडता येते आणि सुरूही होते.

350 च्या जुन्या शाफ्टचा तोल त्याच्या स्वतःच्या काउंटरवेटांवर सांभाळला जातो, परंतु 400 मध्ये ती पुरेशी मोठी करण्यास आत जागा नसल्याने उरलेले वजन पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर दिलेले असते. कावडीची एक घागर लहान असली, तर पाणक्या त्या टोकाला धोंडा बांधून तोल साधतो. त्याची कावड घागरींसह उसनी आणून धोंडा मात्र त्याच्याच अंगणात सोडून येणारा मनुष्य जे करतो, तेच 400 चा शाफ्ट घेऊन 350 चा डॅम्पर लावणारा कारागीर करतो, आणि ही कावड तर मिनिटाला पाच हजार वेळा फिरणारी असते. पुढे पिस्टन आणि रॉड नवे घातले, म्हणजे घागरीच बदलल्या, की जुना धोंडाही अचूक राहत नाही. म्हणून सर्व भाग डॅम्पर आणि फ्लायव्हीलसह बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवावेत. पॉलिश केलेल्या व्हॉल्व्ह कव्हरवर खर्च करून या कामात काटकसर करणाऱ्यांना काय म्हणावे!

पिस्टनची उंची हा त्यामानाने सोपा हिशेब आहे. स्ट्रोकच्या वाढीचा अर्धा भाग, म्हणजे 0.135 इंच, पिस्टन अधिक वर चढतो, आणि 400 चा मूळ रॉड 350 च्या रॉडपेक्षा नेमका तेवढाच आखूड, म्हणजे 5.7 ऐवजी 5.565 इंच आहे. लांब रॉडच ठेवायचा असल्यास पिनचे छिद्र वर घेतलेले पिस्टन लागतात. आखूड रॉड अधिक तिरका होऊन पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. रॉडचे बोल्ट कॅमशाफ्टला घासतात का, हे मात्र शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून पाहिलेच पाहिजे.

पुन्हा वजनाकडे यायचे, तर 1986 पासूनच्या 350 मध्ये मागचे ऑइल सील अखंड झाले आणि तोलाचे काही वजन फ्लायव्हीलवर गेले; त्यामुळे अशा ब्लॉकमध्ये 400 चा जुना शाफ्ट बसवण्यास सीलसाठी अडॅप्टर तर लागतोच, पण त्या ब्लॉकबरोबर आलेले फ्लायव्हीलही त्या शाफ्टला चालत नाही.