वाळूचा खोपा आणि फोनमधील जग

(पेडगाव, जि. परभणी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले भाषण)



पेडगावात येऊन बोलावयाचे म्हटले की 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आठवल्यावाचून राहत नाही. लोक तो भीमेच्या काठच्या, श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावाशी जोडतात. तेव्हा परभणीच्या या पेडगावाकडे त्याचा दोष येत नाही. परंतु सर्व काही ठाऊक असून ठाऊक नसल्याचे सोंग करणे हा जो त्याचा अर्थ, तो एका बाबतीत आपणां शिक्षकांना लागू पडू लागला आहे. शाळा सुटल्यावर मुले मारुतीच्या पारावर फोन घेऊन एकत्र बसतात, हे आपण रोज पाहतो. ती काय खेळतात, हे मात्र आपण विचारीत नाही. 'फोनचे वेड लागले आहे' एवढे म्हणून पुढे जातो. या वेडात मुलांचे शहाणपण किती आणि धोका किती, याचा विचार आज आपण करावा, अशी माझी विनंती आहे.

फोनवरील सर्वच खेळ एका माळेचे मणी नव्हेत. काहींत गोळ्या झाडावयाच्या असतात, काहींत पैसे लावावयाचे असतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५ सालच्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. त्यांच्याविषयी आज मी बोलणार नाही. मी बोलणार आहे ते रचनेच्या खेळांविषयी. इंग्रजीत त्यांना 'सँडबॉक्स' म्हणतात, म्हणजे वाळूचा हौद. नाव मोठे समर्पक आहे. बालवाडीत वाळूचा हौद असतो. त्यात काय करावयाचे हे कोणी सांगत नाही. मूल आपल्या मनाने डोंगर रचते, विहीर खणते, मोडते आणि पुन्हा रचते. नदीच्या ओल्या वाळूत पाय खुपसून वर वाळू थापावी आणि पाय हलकेच काढून खोपा करावा, हा खेळ आपल्यापैकी कोण खेळला नाही? पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणारी मुले आणि दिवाळीत पुण्याकडे किल्ले उभारणारी मुले याच जातीचा खेळ खेळत असतात. त्यात जिंकणे-हरणे गौण असते, रचणे मुख्य असते.

या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'माइनक्राफ्ट'. मार्कुस पेर्सोन या स्वीडिश गृहस्थाने तो रचिला. २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आला आणि २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. २०१४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो करणारी संस्था अडीच अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. त्याच्यासारखे दिसणारे फुकटचे खेळही पुष्कळ आहेत, आणि आपल्या मुलांच्या हाती बहुधा तेच असतात.

खेळाची घडण साधी आहे. सारे जग ठोकळ्यांचे. प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच मानलेला. मूल रिकाम्या हाताने एका माळावर उभे असते. ते झाड तोडते, लाकडाच्या फळ्या करते, फळ्यांचे कामाचे मेज करते, त्यावर कुदळ घडविते, कुदळीने दगड फोडते आणि दगडानंतर कोळसा व लोखंड शोधते. खेळातील एक दिवस घड्याळाच्या वीस मिनिटांचा असतो. रात्र पडली की राक्षस हिंडू लागतात, म्हणून अंधारापूर्वी निवारा बांधावा लागतो. शेतीही आहे. जमीन नांगरून पेरावी लागते, आणि पाण्यापासून चार ठोकळ्यांच्या आतली जमीनच भिजते. म्हणून जाणती मुले नऊ बाय नऊच्या वाफ्याच्या मध्यावर एक ठोकळा पाणी ठेवतात आणि भोवती ऐंशी ठोकळे पीक काढतात. पाणी काटकसरीने वापरून अधिकांत अधिक जमीन कशी भिजवावी, हा प्रश्न परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाला नवा नाही. येथे तो त्याने आपण होऊन सोडविलेला असतो.

एकट्याने खेळता येतो तसा हा खेळ मित्रांबरोबरही खेळता येतो, आणि खरी गंमत तेथेच आहे. एकाच्या फोनवर जग असते. इतर मुले इंटरनेटवरून किंवा जवळ बसून एकाच हॉटस्पॉटवरून त्या जगात शिरतात. एक भिंत रचतो, दुसरा खाणीत उतरतो, तिसरा शेत राखतो. मिळविलेले सामान सर्वांच्या पेटीत पडते. या जगात पंच नाही, शिक्षक नाही, सरपंच नाही. कोणी काय करावे आणि कोणाचे काय, हे मुलांनाच ठरवावे लागते. मित्रांबरोबर हा खेळ खेळणाऱ्या मुलांपुढे ठोकळ्यांइतकाच न्यायाचाही प्रश्न असतो, हेच मला आज प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

मराठवाड्यातील एका शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. पाचवीच्या चार मुलांनी आठ-दहा संध्याकाळी खपून असा एक वाडा उभा केला. वाड्याला विहीर होती, मागे गव्हाचे शेत होते. एका संध्याकाळी चौघांपैकी एकाने तो लाकडी वाडा पेटवून दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात हातघाई झाली. गुरुजींनी दोघांना दूर केले आणि म्हणाले, "ते नुसते चित्र आहे. पुन्हा बांधा." ज्याच्या फोनवर ते जग होते तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. ज्याने आग लावली तो आला, पण कोणाशी बोलेना.

तिसऱ्या दिवशी त्याच शाळेतील एका बाईंनी चौघांना मधल्या सुट्टीत जवळ बसविले आणि वाड्याची हकीगत पहिल्यापासून सांगावयास लाविली. तेव्हा उलगडा झाला तो असा. मुले चार होती आणि फोन तीन. आग लावणाऱ्या मुलाच्या घरी फोन नव्हता. इतरांचे खेळून झाले की त्याला थोडा वेळ फोन मिळे. पेटीतील सामानाची वाटणी झाली की त्याचे नाव त्यात नसे. त्याने खणून आणलेले दगड भिंतीत होते, पण वाडा मात्र तिघांचा होता. बाईंनी निकाल दिला नाही. "यापुढे कसे खेळावयाचे ते तुम्हीच लिहून आणा," एवढेच त्या म्हणाल्या. मुलांनी वहीच्या कागदावर लिहून आणिलेले नियम असे होते: दुसऱ्याने लावलेला ठोकळा विचारल्याशिवाय काढायचा नाही. पेटीतून काही घेतले तर सांगायचे. ज्याने मोडले त्याने आधी दुरुस्त करायचे. नवा गडी घ्यायचा तर सगळ्यांना विचारायचे. ज्याच्याकडे फोन नाही त्याची पाळी पहिली.

शेवटचा नियम कोणी सुचविला, असे बाईंनी विचारले नाही. वाडा पुन्हा उभा राहिला. तो कागद वर्गाच्या भिंतीवर लागला, आणि पुढे शाळेतील चेंडू व दोऱ्या यांच्या वाटपालाही त्याच नियमांचा आधार घेतला जाऊ लागला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्क व कर्तव्ये यांचा धडा असतो. या चौघांनी तो पाठ न करता शिकून घेतला, कारण जळलेला वाडा त्यांचा स्वतःचा होता. 'ते नुसते चित्र आहे' हे वाक्य म्हणूनच आपण जपून वापरावे. वाळूचा खोपा नुसती वाळूच असते. पण तो दुसऱ्याने लाथेने मोडला तर मूल रडते, आणि त्याचे रडणे खोटे नसते.

आता वर्गाकडे वळू. आपल्या शाळेत संगणक असो वा नसो, या खेळातील सार घेण्यास फोन लागत नाही. १८३७ साली जर्मनीत आपली बालशाळा काढणाऱ्या फ्रोबेलने लाकडी ठोकळ्यांतूनच मुलांना आकार व संख्या शिकविल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. बिया, शंख, खडे, पाने हीच त्यांची साधने होती. आपल्याजवळ काळी माती आहे, आगपेट्यांचे रिकामे खोके आहेत आणि चौकटीची वही आहे.

मुलांना सांगावे, आपला वर्ग फोनमधील जगात बांधावयाचा आहे. तर ठोकळे किती लागतील? मुले दोरी घेऊन मापे घेतील. समजा, वर्ग आतून सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर उंच निघाला. भिंत एका ठोकळ्याची, म्हणून बाहेरचे माप आठ बाय सात. छप्पन्नातून तीस वजा केले की एका थराचे सव्वीस ठोकळे; तीन थरांचे अठ्ठ्याहत्तर; दाराचे दोन वजा करता शहात्तर. आतील पोकळी नव्वद घनमीटर. क्षेत्रफळ आणि घनफळ यांतील भेद येथे हाताला कळतो; नुसत्या सूत्राने तो पुष्कळदा सातवीपर्यंत कळत नाही. जो मुलगा गणिताच्या तासाला मागे बसतो, तो या कामात बहुधा पुढे येईल. त्याला पुढे येऊ द्यावे.

दुसरा पाठ याहून मोठा आहे. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने आणि हा खेळ करणाऱ्या मंडळींनी 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचे काम हाती घेतले. वस्तीतील मोकळी जागा कशी असावी, हे तेथील रहिवाशांनी आणि तरुण मुलांनी या खेळात रचून दाखवावयाचे, आणि त्यावरून प्रत्यक्ष आराखडा करावयाचा, अशी ती पद्धत. केनियातील नैरोबी शहराच्या किबेरा या गरीब वस्तीतील मैदानाचा विचार असा झाला. मुंबईतही एका बागेसाठी ही रीत वापरली गेली. नकाशा वाचता न येणारा माणूसही ठोकळ्यांनी रचलेली बाग पाहून 'येथे दिवा हवा, येथे बाक हवे' असे सांगू शकतो, हे तिचे मर्म. आपल्या शाळेचे आवार, पाण्याची टाकी, मुलींचे स्वच्छतागृह, झाडे लावण्याची जागा यांचा असा नमुना मुलांनी मातीत करावा आणि ग्रामसभेच्या दिवशी पंचांपुढे मांडावा. मुले गावाकडे घडवावयाची वस्तू म्हणून पाहू लागतील, आणि गाव मुलांचे म्हणणे ऐकू लागेल.

धोक्यांविषयी मौन बाळगणे योग्य होणार नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचे सांगितले. आणि स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागे आढळल्या. अर्थात फोन असलेल्यांची गर्दी जितकी वाढते, तितका फोन नसलेला एकटा पडतो. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले आणि घरकामात अडकलेल्या मुली या खेळाच्या वर्तुळाबाहेर राहतात. वर्गात मातीचे ठोकळे आणावयाचे ते मुख्यतः यांच्यासाठी.

दुसरा धोका अनोळखी माणसांचा. ओळखीच्या मित्रांच्या बंद जगात खेळणे निराळे आणि कोणासही येता येईल अशा जगात खेळणे निराळे. आपले नाव, गाव, शाळा, छायाचित्र कोणास द्यावयाचे नाही, आणि कोणी लाडीगोडीने किंवा धाकाने काही मागितले तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगावयाचे, हे पाढ्यांप्रमाणे पक्के करून घ्यावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत. फुकटच्या खेळांतील जाहिराती आणि खेळात सामान विकत घेण्याचा मोह यांविषयी पालकसभेत बोलावे. वडिलांच्या फोनला बँकेचे खाते जोडलेले असते, हे मुलाला उमजत नाही. तिसरा धोका वेळेचा. या खेळाला शेवट नाही, म्हणून तो थांबविण्याची वेळ आधीच ठरवावी लागते. ती मुलांकडूनच ठरवून घ्यावी. स्वतः ठरविलेले बंधन मूल पुष्कळदा पाळते, लादलेले चुकविते.

बंधुभगिनींनो, मुलाच्या हातातून फोन हिसकावणे सोपे आहे, आणि हाती देऊन मोकळे होणे त्याहून सोपे आहे. या दोहोंच्या मधली वाट थोडी कष्टाची आहे. त्या वाटेवर पहिले पाऊल म्हणून उद्या मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाजवळ बसावे आणि विचारावे, "काय बांधलेस? कोणाबरोबर बांधलेस? आणि कोणाला बाहेर ठेवलेस?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ते आनंदाने देईल. तिसऱ्या प्रश्नाला ते जरा थांबेल. ते थांबले म्हणजे आपले काम सुरू झाले, असे समजावे.