विसावा हाही धर्मच



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी वडीलधाऱ्यांनी गतकाळाचे स्मरण केले, ते योग्यच झाले. आम्ही दोन शब्द बोलणार आहों ते, ज्यांच्यावर ह्या धर्मग्रामाचा पुढील काळ अवलंबून आहे, त्यांच्यासाठी. पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने जळगावास कॉलेजात जाणारा, सायंकाळी दुकानात हिशेब लिहिणारा आणि रात्री स्पर्धापरीक्षेची पुस्तके उघडणारा मुलगा. तसेच पुण्यामुंबईस नुकतीच नोकरीस लागलेली व रविवारीही मोबाइलवर साहेबांचा निरोप वाचणारी मुलगी, ही आपल्याच घरांतील लेकरे होत. त्यांचा उद्योग पाहून आम्हांस अभिमान वाटतो. त्यांचे ओढलेले चेहरे पाहून काळजीही वाटते.

कष्ट पवित्र आहेत, ह्याविषयी वाद नाही. प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला. परंतु ज्या आज्ञेने सहा दिवस काम करावयास सांगितले, तिनेच सातव्या दिवशी थांबावयासही सांगितले आहे. विसावा म्हणजे कामातून उरलेली शिल्लक नव्हे. तो देवाने आधीच बाजूस काढून ठेविलेला वाटा आहे. जामनेरच्या छोट्या गाडीचे वाफेचे इंजिन थांबून पाणी घेत असे, हे आपल्यांतील वृद्धांस आठवत असेल. त्यास कोणी आळशी म्हटले नाही.

हा दिवस आपल्या देशातील कामकऱ्यांस फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणीमजुरांस आठवड्याची ठराविक सुटी नसे. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली. 1890 च्या एप्रिलात मजुरांची मोठी सभा भरली, तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, 15 मे 1891 रोजी, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात कामगाराच्या विसाव्याचा हक्क साऱ्या जगापुढे मांडला. जो दिवस मजुरांनी झगडून मिळविला, तो आपली शिकलेली मुले आपण होऊन सोडून देत आहेत, ही विचार करण्याजोगी गोष्ट होय. ज्यास पोटासाठी रविवारीही कामावर जाणे भाग पडते, त्यास आम्ही दोष देत नाही. त्याने मिस्सा साधून आठवड्यातील दुसरा एखादा वेळ तरी राखावा.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तो थकून एका झुडुपाखाली पडला व देवाजवळ मरण मागू लागला. देवदूताने त्यास रागे भरले नाही, उपदेशही केला नाही. भाकर व पाणी पुढे ठेविले, त्यास पुन्हा निजू दिले, आणि मगच पुढील वाटेस लाविले. खचलेल्या जिवास आधी भाकर, झोप व सोबत हवी. शहाणपणाच्या गोष्टी मागाहून.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे की, मूल घरी आले म्हणजे गुणांची चौकशी मागे ठेवावी. जेवलास का, झोप लागते का, हे आधी विचारावे. तरुणांनो, झोप चोरून केलेला अभ्यास परीक्षेपर्यंत टिकत नाही. रात्री मोबाइल दूर ठेवा. दिवसातून एक वेळ तरी घरच्यांबरोबर बसून जेवा. परगावी असाल तर सोबत्यांबरोबर जेवा. मन फारच काळवंडले, जगणे नकोसे वाटू लागले, तर लाजू नका. डॉक्टरांकडे जा, 14416 ह्या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. आमचे दारही अवेळी ठोठावावयास हरकत नाही.

परीक्षा पुन्हा देता येते, नोकरी दुसरी मिळते; तुमच्यासारखे दुसरे लेकरू तुमच्या घरास मिळावयाचे नाही. संत योसेफ, ज्याने कष्टही केले आणि देवाचा शब्द निद्रेतही ऐकला, तो तुमचा सांभाळ करो.