सर्वांत वाईट काळ कोणता?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील परिसंवादात पहाडगंज येथे दिलेले भाषण)



‘लोकप्रिय संगीताचा सर्वांत वाईट काळ कोणता?’ असा आजच्या परिसंवादाचा विषय आहे. माझ्यापूर्वी बोललेल्या तीन वक्त्यांनी तीन निरनिराळे काळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पहिल्यांनी संगीत नाटकाची सद्दी संपविणारे १९३० नंतरचे दशक निवडले, दुसऱ्यांनी डिस्कोचे १९८० नंतरचे दशक निवडले, आणि तिसऱ्यांनी थेट आजच्या काळावर बोट ठेवले. तिन्ही भाषणे रंगली, टाळ्याही भरपूर पडल्या. शेवटचा वक्ता म्हणून निकाल देण्याचे काम माझ्याकडे आले आहे, असे मात्र कोणी समजू नये.

तथापि या विषयामागे एक व्यावहारिक प्रश्न आहे, आणि तो येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. गणेशोत्सवातील आपल्या गायनस्पर्धेत यापुढे १९७० पूर्वीचीच गाणी म्हणता यावीत, असा नियम करण्याची सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मुलांच्या कानांवर चांगले ते पडावे, एवढेच त्यांना हवे आहे. परंतु त्यामुळे आजची चर्चा केवळ करमणुकीची राहत नाही. कोणता काळ वाईट हे आपण ठरविणार आणि त्या काळाला दार बंद करणार. म्हणून थोडे सावकाश, साक्षीपुरावे तपासून बोलावे म्हणतो.

पहिला आरोपी १९३० नंतरचा काळ. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि पुढील पन्नास वर्षे मराठी माणसाचे लोकप्रिय संगीत म्हणजे नाट्यसंगीत असेच समीकरण होते. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, पडदा बोलू आणि गाऊ लागला, आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. पुढे १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात काम केले. ज्यांनी रात्रभर जागून, पुन्हा पुन्हा ‘वन्स मोअर’ घेऊन पदे ऐकली होती, त्यांना तीन-साडेतीन मिनिटांत संपणारी तबकडी म्हणजे भातुकलीचा खेळ वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु त्याच अवधीत, १९३३ मध्ये, ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. केशवराव भोळे यांचे संगीत, ज्योत्स्नाबाई भोळे यांचे गाणे. स्त्रीची भूमिका स्त्रीने केली, पद आटोपशीर झाले आणि शब्दाकडे वळले. तबकडीच्या त्याच आखूड मापात भावगीत वाढले. जी. एन. जोशी आणि त्यांच्यामागून गजानन वाटवे यांनी कवींच्या कविता घरोघर पोहोचविल्या. ज्या घरात तानपुरा नव्हता आणि ज्या गळ्यातून तान निघत नव्हती, त्या घरातही आता गाणे म्हणता येऊ लागले. पहिल्या वक्त्यांनी काय हरपले याची यादी अचूक दिली. त्याच वर्षांत काय जन्मले, ते त्या यादीत यावयाचे राहिले.

दुसऱ्या आरोपीकडे वळण्यापूर्वी एक साक्ष काढू इच्छितो, आणि तिच्यासाठी दिल्लीबाहेर जावे लागत नाही. येथून पंचकुइयाँ मार्गाने कॅनॉट प्लेस गाठावे आणि संसद मार्गाला लागावे, म्हणजे आकाशवाणी भवन येते. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत नभोवाणीचे खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. ते पुण्यात जन्मलेले, विद्वान, शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि कट्टर अभिमानी. आजच्या आपल्या विषयावर त्यांचे मत ठाम होते. सर्वांत वाईट काळ म्हणजे चालू काळ, आणि अपराधी म्हणजे हिंदी चित्रपटगीत. त्यांतील पाश्चात्त्य ठेक्यांची उसनवारी आणि शब्दांचा उथळपणा त्यांना असह्य होई.

तुमच्या-माझ्यासारखा मनुष्य असे मत बाळगून फार तर रेडिओची कळ बंद करतो. केसकर मंत्री होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांच्या वेळेला कात्री लागली, गाणी गाळून घेतली जाऊ लागली. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, असे ठरवून ते नावही वगळण्यात आले. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली, आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

आता ती गाणी कोणती होती ते पाहा. त्याच १९५२ सालचा ‘बैजू बावरा’. संगीत नौशाद यांचे, एकेक चाल रागावर बांधलेली, आणि उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर जुगलबंदी गाणारे आपले पंडित द. वि. पलुसकर. पुढच्याच वर्षी ‘अनारकली’. ज्या वर्षांना आज आपण चित्रपटसंगीताचे सुवर्णयुग म्हणतो, ज्यांच्या आठवणीने या सभागृहात डोळे पाणावतात, ती नेमकी हीच वर्षे. आपल्या स्पर्धेच्या प्रस्तावित नियमात जो काळ निर्दोष म्हणून आत घेतला जाणार आहे, त्याच काळाला त्या काळच्या एका रसिक आणि प्रामाणिक मराठी माणसाने दाराबाहेर उभे केले होते.

श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई फिरविली आणि सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज दर बुधवारी घराघरांत ऐकू येऊ लागला. आपल्या देशाची गाणी आपल्या देशातील लोक समुद्रापलीकडच्या केंद्रावरून ऐकत होते. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली, आणि ज्यांना बाहेर काढले होते त्यांचे पुन्हा आगतस्वागत झाले. पेटीची कथाही अशीच आहे. ज्या पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी नाट्यसंगीताला साथ दिली, जिच्यावाचून आपल्याकडे तालीमही होत नाही, तिला नभोवाणीने १९४० मध्ये दार बंद केले. १९७१ मध्ये ते थोडेसे किलकिले झाले. तोवर पेटीने नभोवाणीची वाट पाहिली नाही.

मला केसकरांची थट्टा करावयाची नाही. त्यांनी दुसरीही एक गोष्ट केली आणि तिचे ऋण आपल्यावर आहे. संस्थाने विलीन झाली, गवयांचा आश्रय तुटला, अशा वेळी आकाशवाणीने त्यांना काम आणि मान दिला. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन. चित्रपटगीताला पर्याय म्हणून ‘सुगम संगीत’ ही शाखा जोपासली गेली. कवी आणि संगीतकार यांना बोलावून नवी गीते करवून घेतली जाऊ लागली. याच वातावरणात, १९५३ मध्ये स्थापन झालेल्या पुणे केंद्रावरून, १९५५ च्या रामनवमीपासून ‘गीतरामायण’ सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे, आठवड्याला एक याप्रमाणे छपन्न गीते. गाणाऱ्यांत माणिक वर्मा आणि वसंतराव देशपांडे यांच्यासारखे कलावंत. १९५७ मध्ये ती गीते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती आपल्या दिल्लीच्याच प्रकाशन विभागाने. आणि गंमत अशी, की हे दोघेही चित्रपटातले. ज्या धंद्याला खाते नाक मुरडत होते, त्याच धंद्यात माडगूळकरांची लेखणी आणि फडक्यांची चाल घासूनपुसून तयार झाली होती.

म्हणजे एकाच खात्याने दोन उपाय योजले, बंदीचा आणि आश्रयाचा. बंदी पाच वर्षांत मोडीत निघाली. आश्रयातून जे निर्माण झाले ते आजही रामनवमीला घरोघर गाइले जाते.

आता दुसऱ्या वक्त्यांचे १९८० नंतरचे दशक. त्यांच्या आरोपातील बराचसा भाग मला मान्य आहे. १९८० मध्ये महंमद रफी गेले. १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला आणि पुढे कित्येक वर्षे लग्नाच्या मांडवापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत त्याच ठेक्याचे राज्य होते. त्या वर्षांतील पुष्कळ गाण्यांत शब्दांना फारसे काम उरले नव्हते, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु त्याच १९८२ सालचा आपला ‘उंबरठा’ आठवा. सुरेश भटांची कविता आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. एकाच वर्षाच्या पोटी ही दोन्ही अपत्ये आहेत. वर्षाला शिक्षा करावयाची, तर दोघांनाही होते.

शिवाय त्या दशकात कॅसेट आली. दर्यागंजात फळांच्या रसाच्या दुकानावर बसणाऱ्या गुलशनकुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्सची उभारणी केली आणि गाणे स्वस्त झाले. स्वस्ताईबरोबर पुष्कळ गाळही आला. परंतु तीच कॅसेट पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत बाकरवडीच्या पुड्याशेजारी बसून येई, आणि आपल्या घरांत पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी पहाटे लागे. वामनदादा कर्डकांची भीमगीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज ज्या वस्त्यांत आणि ज्या घरांत पोहोचले, तेथे ते कॅसेटनेही पोहोचविले. आपल्यासारख्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकांत या गाण्यांना कितीशी जागा होती, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. एखादा काळ वाईट ठरविताना त्या काळात प्रथमच कोणाच्या हाती ध्वनिक्षेपक आला, हेही विचारावयास हवे.

राहता राहिला आजचा काळ. तिसऱ्या वक्त्यांनी म्हटले, की आजची मुले जुने ऐकत नाहीत. १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने गाजले. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि ज्या मुलांनी संगीत नाटकाचे तिकीटही पाहिले नव्हते, ती त्यातील पदे म्हणू लागली. त्यात गाणारे महेश काळे परदेशातील मराठी मुलांना हेच संगीत शिकवीत आहेत. पुढच्याच वर्षी ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांच्या त्या गाण्यांवर येथील पंजाबी आणि बंगाली शेजारीही नाचले आणि आपल्या मुलांना त्यांचा अर्थ विचारू लागले. मराठी शब्दाचा अर्थ दुसऱ्याला समजावून सांगण्याची पाळी दिल्लीतल्या मुलावर एरवी कितीदा येते?

आजच्या काळाचा एक दोष मात्र मला खरोखर गंभीर वाटतो. पूर्वी घरात एक रेडिओ होता, म्हणून आजीचे गाणे नातवाला आणि नातवाचे आजीला ऐकावेच लागे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे. चार माणसे एका खोलीत बसून चार गाणी ऐकतात आणि परस्परांना त्यांचा पत्ता नसतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे कदाचित परवडेल. तेथे रस्त्यावर, बाजारात, शाळेत मराठी कानांवर पडतच असते. आपल्याला ते परवडणारे नाही.

याचे कारण भाषेच्या उच्चारात आहे. आपल्या मुलांना देवनागरी वाचता येते, ही दिल्लीची कृपा. परंतु ती मराठी मजकूर हिंदीच्या जिभेने वाचतात. ‘चंद्र’ आणि ‘चांदोबा’ यांतील दोन ‘च’ निराळे आहेत, हे कागदावर दिसत नाही. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतील अंतर कागदावर दिसते, पण जिभेला सापडत नाही. हे व्याकरण सांगून शिकविता येत नाही, बरोबरीने गाऊन ते आपोआप बसते. ते गाणे १९४० चे आहे की गेल्या वर्षीचे, याची त्या ‘ळ’ला पर्वा नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की वर्षाची अट घालू नये. ती घातली तर आपली मुले भांडणार नाहीत, निषेधही करणार नाहीत. आपल्या वडीलधाऱ्यांनी १९५२ मध्ये केले तेच ती करतील. सुई फिरवून दुसरे केंद्र लावतील. फरक एवढाच, की तेव्हाचे श्रोते ‘विविध भारती’वर परत आले, आपल्याकडे परत आणणारी दुसरी वाहिनी कोठून येणार?

अट घालावयाचीच, तर दुसऱ्या घालाव्यात. गाणे कोणत्याही वर्षाचे असो, मराठी असावे. म्हणणाऱ्याने कवीचे आणि संगीतकाराचे नाव सांगावे, आणि त्यातील दोन कठीण शब्दांचा अर्थ सांगावा. एक फेरी अशी ठेवावी, की आजी-आजोबांनी नातवंडांच्या निवडीचे गाणे बसवावे आणि नातवंडांनी त्यांच्या निवडीचे. ज्यांना आजची गाणी वाईट वाटतात, त्यांना ती निदान एकदा पूर्ण ऐकावी लागतील. आणि सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून एक पारितोषिक दिल्लीत राहणाऱ्या कवीने लिहिलेल्या आणि येथेच चाल लावलेल्या नव्या गीतासाठी राखून ठेवावे. पहिल्या वर्षी बहुधा सामान्य गीते येतील. ‘गीतरामायणा’पूर्वीही पुष्कळ सामान्य गीते करवून घेतली गेली असतील.

सर्वांत वाईट काळ कोणता, हे मी सांगितले नाही अशी तक्रार कोणी करील. माझे उत्तर असे, की ज्या वर्षी आपल्या गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर गाणारे कोणी उरणार नाही आणि आपण सर्व केवळ परीक्षक म्हणून खुर्च्यांवर बसलेले असू, ते वर्ष. ते अद्याप आलेले नाही. कार्यकारिणीची बैठक पुढील महिन्यात आहे. सभासदांनी आपली मते त्यापूर्वी चिटणिसांकडे लेखी द्यावीत, अशी विनंती करतो.